‘मागे’ दाबल्यावर काय होतं?

प्रश्न : ताई, नमस्कार. आमच्या नियतकालिकासाठी कथा मागवायला ऑनलाइन फॉर्म तयार झाला आहे. त्याचे पाच टप्पे आहेत : लेखकाची माहिती, कथेची माहिती, प्रत्यक्ष कथा, हमीपत्र आणि शेवटी ‘तपासा व पाठवा’. फॉर्म करणारा मुलगा हुशार आहे. तो म्हणतो, “सगळं चालतंय, तुम्ही फक्त माहितीपत्रक लिहा आणि एकदा टेस्ट करून बघा.” मी आयुष्यभर मुद्रितं तपासली, कॉम्प्युटरचं शिक्षण नाही. आधी टेस्टिंग करू की आधी लिहू? आणि किती केलं म्हणजे पुरे?

उत्तर : मुद्रितं तपासलीत म्हणता, मग अर्धं काम तुम्हाला येतंच. जे असायला हवं ते डोळ्यांना आपोआप दिसतं आणि जे छापलंय ते निसटतं, हा धोका तुम्हाला मी सांगायला नको. फॉर्म तपासताना तोच धोका असतो.

आधी काय, हा प्रश्न बाजूला ठेवा, कारण मी दोन्ही एकाच वेळी करते. एक वही घ्या आणि पानावर चार रकाने आखा : मी कुठे होते, मी काय केलं, काय व्हायला हवं, काय झालं. यातला तिसरा रकाना बटण दाबण्याआधी भरायचा. एवढा एकच नियम मी हट्टाने पाळते. सुरुवातीच्या दिवसांत मी तो रकाना नंतर भरायचे. पडद्यावर जे घडेल ते पाहून “हो, असंच हवं असणार” असं स्वतःला पटवायचे आणि पुढे जायचे. ‘पुढे’ दाबल्यावर पान हललं नाही तर “बहुतेक काहीतरी भरायचं राहिलं असेल” म्हणून मीच फॉर्मची बाजू घ्यायचे!

वहीतले हे पहिले दोन रकाने हाच तुमच्या माहितीपत्रकाचा कच्चा खर्डा. लिहिताना जिथे वाक्य अडतं, तिथे फॉर्म अडतो. “यानंतर ‘पुढे’ दाबा” असं सहज लिहून झालं तर ठीक. पण “यानंतर ‘पुढे’ दाबा, मात्र कथेचा प्रकार बदलला असेल तर आधी…” असं लिहायची वेळ आली तर पेन खाली ठेवा आणि त्या मुलाला बोलवा. माहितीपत्रकातलं प्रत्येक “कृपया करू नये” मला संशयास्पद वाटतं. ‘कृपया ब्राउझरचं मागे जाण्याचं बटण दाबू नये’ ही सूचना मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की आता ती वाचली की मी सगळ्यात आधी तेच बटण दाबते.

आता नकाशा काढा. कागदावर पाच चौकोन आणि त्यांच्यामधले बाण. पुढे जाणारे चार, मागे येणारे चार. शेवटच्या टप्प्यावर प्रत्येक भागापुढे ‘बदला’ असं बटण असेल तर आणखी चार. झाले बारा. शिवाय प्रत्येक चौकोनात पान रिफ्रेश केलं तर काय, टॅब बंद करून परत आलं तर काय, आणि फॉर्मचं ‘मागे’ न दाबता ब्राउझरचं दाबलं तर काय. ही दोन ‘मागे’ दिसायला सारखी पण आतून निराळी. फॉर्मचं बटण प्रोग्रॅमरने लिहिलेलं असतं, त्यामुळे त्याने ते तपासलेलं असतं. ब्राउझरचं बटण त्याच्या हातात नसतं. शेवटच्या पानावरचं ‘बदला’ दाबून दुसऱ्या टप्प्यात आलं आणि शीर्षक दुरुस्त केलं, तर लेखक थेट शेवटच्या पानावर परततो की त्याला तिसरा, चौथा टप्पा पुन्हा तुडवावा लागतो? वाटेत हमीपत्राची खूण निघून जाते का? हे सगळं बाणांवर बोट ठेवून बघायचं.

अशा बहुटप्पी फॉर्मची खरी परीक्षा पुढे जाताना नसते, ती मागे फिरताना असते. मला भेटलेल्या दोषांपैकी सर्वांत चिवट दोष सांगते. कथेचा प्रकार ‘अनुवाद’ निवडला की चौथ्या टप्प्यात मूळ लेखकाच्या परवानगीचा रकाना उघडायचा, आणि तो भरणं सक्तीचं. मी अनुवाद निवडला, चौथ्या टप्प्यापर्यंत गेले, मग मागे येऊन ‘स्वतंत्र कथा’ केलं. परवानगीचा रकाना दिसेनासा झाला, छान. पण ‘पुढे’ दाबलं तर काहीच होईना. चूक दाखवणारं वाक्य नाही, लाल रेघ नाही, काही नाही. रकाना फक्त लपवला होता, त्याची सक्ती तशीच होती. ब्राउझर त्या रिकाम्या रकान्याकडे बोट दाखवू पाहत होता आणि रकानाच दिसत नसल्यामुळे गप्प बसत होता. याचं उलटं रूप आणखी वाईट : रकाना भरलेला असतो, मग लपतो, आणि जुनी माहिती गुपचूप कथेबरोबर जाते. स्वतंत्र कथेला कुणाचंतरी परवानगीपत्र चिकटून संपादकांकडे पोचतं. म्हणून जिथे एका उत्तरावर दुसरा प्रश्न अवलंबून आहे, तिथे उत्तर बदलून बघा, परत बदलून बघा आणि दर वेळी शेवटी संपादकाला काय दिसतं ते पाहा.

वेळेचंही बघा. कथा पाठवणारा माणूस घाईत नसतो. तो परिचय लिहिताना थांबतो, फोन घेतो, शीर्षक बदलावं का याचा विचार करतो. सर्व्हर मात्र त्याची आठवण ठरावीक वेळच ठेवतो. तुमचा फॉर्म पीएचपी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेला असेल आणि कुणी मुद्दाम बदल केला नसेल, तर ही मुदत १४४० सेकंद असते, म्हणजे २४ मिनिटं. त्यानंतर सेशनची, म्हणजे त्या माणसाच्या त्या भेटीपुरती साठवलेली, माहिती पुसायला सर्व्हर मोकळा असतो. लगेच पुसेलच असं नाही, आणि गंमत इथेच आहे : तुम्ही अर्ध्या तासाने परत आलात आणि सगळं जागेवर असलं, तरी त्यावरून काही सिद्ध होत नाही. त्या दिवशी झाडलोट व्हायची राहिली असेल. मी चाळीस मिनिटांची फेरी निदान तीनदा करते, तीही तिसऱ्या टप्प्यावर, कथा पेस्ट करून झाल्यावर. कारण पहिल्या टप्प्यातलं नाव-पत्ता गेलं तर माणूस चडफडत पुन्हा भरतो, कथा गेली तर तो परत येत नाही. वेबच्या सुगम्यतेचे, म्हणजे अपंगांनाही वेबसाइट वापरता याव्यात यासाठीचे, जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, डब्ल्यूसीएजी, त्यांत याबद्दल स्पष्ट लिहिलेलं आहे : मुदत संपण्याआधी सूचना द्यायची असेल, तर साध्या कृतीने मुदत वाढवायला किमान २० सेकंद मिळाले पाहिजेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या २.२ या आवृत्तीत आणखी एक निकष आला, की एकदा दिलेली माहिती त्याच प्रक्रियेत पुन्हा टाइप करायला लावू नये. त्या मुलाला हे दाखवा. आपण सांगितलेलं तो हसण्यावारी नेईल, निकष म्हटलं की ऐकेल. (माझा अनुभव, दुसरं काय!)

आता तुमचा हातखंडा विषय, मजकूर. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मराठी कथा घेणाऱ्या फॉर्मचे निम्मे दोष इथे सापडतात आणि प्रोग्रॅमर ‘टेस्ट टेस्ट’ असं इंग्रजीत टाइप करून मोकळा झालेला असतो.

शब्दसंख्या दाखवणारा आकडा आहे का? मराठी मजकूर टाकून बघा. फक्त इंग्रजी मुळाक्षरं आणि अंक यांनाच शब्द समजणारी मोजणी अजूनही सर्रास लिहिली जाते. तीन हजार शब्दांची कथा पेस्ट केली तर ती ‘शब्द : ०’ दाखवते आणि वर “कथा लिहिणे आवश्यक आहे” असं बजावते. मोजणी मोकळ्या जागांवरून होत असेल, तर संवादाआधीची सुटी रेघही शब्द म्हणून मोजली जाते. संवाद भरपूर असलेली कथा उगाच मर्यादेबाहेर जाते. मर्यादा ३००० शब्दांची असेल तर २९९९, ३००० आणि ३००१ शब्दांच्या तीन कथा तयार ठेवा. आणि शीर्षक धरून की सोडून, हे माहितीपत्रकात लिहा.

परिचयाला ‘५०० अक्षरं’ अशी मर्यादा असेल तर विचारा, अक्षर म्हणजे काय? ‘क्षत्रिय’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो. कॉम्प्युटर तो आठ मोजतो : जोडाक्षरातले तुकडे, हलन्त, वेलांटी, सगळं सुटं. लेखकाला वाटतं आपण तीनशे अक्षरं लिहिली आणि फॉर्म म्हणतो मर्यादा संपली. दुसरी मेख ओळी तोडण्याची. नवी ओळ पडद्यावर एक चिन्ह म्हणून मोजली जाते, पण साधा फॉर्म पाठवताना तिची दोन चिन्हं होतात. म्हणजे पडद्यावर नेमका पाचशेत बसलेला, चार ओळी तोडलेला परिचय सर्व्हरवर ५०४ भरतो आणि परत येतो. लेखकाने दहा वेळा मोजलं तरी त्याला चूक सापडणार नाही.

माझ्याकडे एक कसोटीचा उतारा आहे. वाङ्मयीन मूल्य शून्य. त्यात आचाऱ्यांना आणि आचार्यांना एकाच पंगतीत बसवलं आहे, नायक डोंगरदऱ्यांतून हिंडतो, ‘ॲ’ने सुरू होणारे दोन शब्द आहेत, दुहेरी अवतरणात एकेरी अवतरण आहे, मध्ये चार ओळींची कविता आहे आणि साधारण मधोमध एक इमोजी आहे. यातलं काहीही उगाच घातलेलं नाही. ‘ऱ्या’ दोन पद्धतींनी लिहिला जातो. एकात नुक्ता असलेला ऱ असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. ‘नको ती चिन्हं’ गाळणारा फॉर्म ते अदृश्य चिन्हही गाळतो. मग दऱ्यांत फिरणारा नायक दर्यात पडतो आणि आचाऱ्यांच्या हातचा झारा आचार्यांच्या हाती येतो. तुमच्यासारख्या मुद्रितशोधकाशिवाय हे कुणाच्या ध्यानातही येणार नाही, म्हणून हा उतारा दोन्ही पद्धतींनी टाइप करून ठेवा.

इमोजी कशाला, असं वाटेल. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ‘यूटीएफ८’ नावाचा जुना प्रकार एका चिन्हाला जास्तीत जास्त ३ बाइट देतो. देवनागरीला बरोबर ३ लागतात, म्हणून वर्षानुवर्षं सगळं सुरळीत दिसतं. इमोजीला ४ लागतात. डेटाबेसची कडक तपासणी बंद असेल तर इमोजीपासून पुढची कथा निमूटपणे गळून पडते. लेखकाला ‘धन्यवाद’ची पाटी दिसते आणि संपादकाला अर्धी कथा. म्हणूनच पाठवून झालं म्हणजे टेस्ट संपली असं समजू नका. संपादकाच्या बाजूने कथा उतरवून घ्या आणि मूळ प्रतीशी ओळीला ओळ लावून वाचा. हे काम तुमच्यापेक्षा चांगलं कोण करणार?

फाइल अपलोडचं थोडक्यात : फॉर्मवर ‘५ एमबीपर्यंत’ लिहिलं असेल तर त्यावर विश्वास न ठेवता ४.९ एमबीची फाइल चढवा. पीएचपीची मुळातली मर्यादा २ एमबी असते आणि समोर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर त्याची १ एमबी. ती वाढवायची राहिली की लेखकाला भलत्याच इंग्रजी पानावर ४१३ असा आकडा दिसतो. रिकामी फाइल, नाव बदलून डॉक्स (वर्डची फाइल) केलेलं छायाचित्र आणि मराठी नावाची फाइल, या तिन्ही देऊन बघा.

‘पाठवा’ पटकन दोनदा दाबा. मग नेट मुद्दाम मंद करून दोनदा दाबा. ब्राउझरमध्ये एफ१२ दाबलं की उघडणाऱ्या साधनांत नेट मंद करायची सोय असते, तो मुलगा दाखवेल. पोच-क्रमांक दोन आले तर कथा दोनदा गेली. मग ‘धन्यवाद’च्या पानावर रिफ्रेश करा. ब्राउझरने “माहिती पुन्हा पाठवू का?” असं विचारलं तर त्या मुलाला एवढंच सांगा, की पाठवल्यानंतर ३०३ने दुसऱ्या पानावर वळवायचं राहिलंय. त्याला कळेल.

किती केलं म्हणजे पुरे? समजा कथाप्रकार चार, कथा पेस्ट किंवा फाइल, लेखक नवा किंवा जुना, फोन किंवा कॉम्प्युटर. सगळ्या जुळण्या ३२ होतात. मी ३२ करत नाही. कोणत्याही दोन गोष्टींची प्रत्येक जोडी एकदा तरी येईल अशी मांडणी केली की आठ फेऱ्यांत भागतं. बहुतेक भानगडी दोन गोष्टी एकत्र आल्या की होतात : अनुवाद आणि फाइल, फोन आणि पेस्ट. वेळ त्याहून कमी असेल तर तीनच गोष्टी बघा. कथा हरवते का, दोनदा जाते का, एकाची दुसऱ्याच्या नावावर जाते का. बटणाचा रंग नंतर.

माहितीपत्रक लेखकासाठी एका पानाचं करा. सुरुवातीला फॉर्म उघडण्याआधी हाताशी काय हवं ते : ईमेल, परिचय, शब्दसंख्या, कथेची फाइल, अनुवाद असल्यास परवानगी. मग चुका दाखवणारी सगळी वाक्यं फॉर्ममध्ये आहेत तशीच लिहून प्रत्येकापुढे काय करायचं ते. पानोपानी स्क्रीनशॉट नकोत. एक बटण सरकलं की सगळे शिळे होतात आणि पडद्यावरचा मजकूर कॉम्प्युटरकडून मोठ्याने वाचून घेणाऱ्या वाचकाला त्यांचा उपयोगही नसतो. ‘योग्य ती माहिती भरावी’ हे वाक्य कुठे आलं असेल तर मुद्रितशोधक म्हणून तुम्हीच त्यावर काट मारा.

प्रश्न : मी दोष सापडला की लगेच कळवतो, पण प्रोग्रॅमरचं उत्तर ठरलेलं : “माझ्याकडे चालतंय.” काय करावं?

उत्तर : तो खोटं बोलत नसतो, त्याच्याकडे चालतंच. तुम्ही काय कळवता ते मात्र बघा. ‘फॉर्म अडकतो’ यावर कुणीही तेच उत्तर देईल. असं लिहा : “फोनवर, क्रोममध्ये. दुसऱ्या टप्प्यात ‘अनुवाद’ निवडला. चौथ्यापर्यंत गेलो. फॉर्मच्याच ‘मागे’ने दुसऱ्यात आलो. ‘स्वतंत्र कथा’ केलं. चौथ्यात ‘पुढे’ दाबलं. पाचवा टप्पा यायला हवा होता, पान हललं नाही, संदेश नाही. तीनदा केलं, तिन्ही वेळा असंच. कॉम्प्युटरवर एकदा केलं, तिथेही.” आवृत्ती आणि वेळ जोडा. वेळ असली की त्याला सर्व्हरच्या नोंदी उघडून बघता येतात.

आणि तुम्हाला क्षुल्लक वाटलेली गोष्टही लिहा. एका फॉर्मबद्दल ‘शीर्षक एका कथेचं, मजकूर दुसऱ्या कथेचा’ अशी तक्रार मी तीनदा केली आणि तीनदा ती परत आली. चौथ्या वेळी प्रोग्रॅमर माझ्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, “दोन टॅब का उघडे आहेत?” मी वेळ वाचवायला दोन कथा शेजारशेजारच्या टॅबमध्ये एकदम भरत होते. सेशन एकच, त्यामुळे दुसऱ्या टॅबने पहिल्याचं शीर्षक पुसलं होतं. दोष खराच होता, कारण लेखकही दोन कथा अशाच पाठवतात. पण टॅबचा उल्लेख मी एकाही तक्रारीत केला नव्हता.

प्रश्न : टेस्टिंगसाठी गेल्या खेपेला आलेल्या कथा वापरल्या तर चालतील का? खऱ्या कथा असल्या म्हणजे तपासणी खरी होईल, असं वाटतं.

उत्तर : नाही. त्या कथा लेखकांनी निवडीसाठी दिल्या होत्या, त्यासोबत त्यांचे ईमेल आणि पत्ते आहेत. फॉर्म पोच पाठवणारा असेल तर एका दुपारी शंभर लेखकांना “आपली कथा मिळाली” असा निरोप जाईल आणि मग फोन तुम्ही घ्याल. मजकूर स्वतः रचा. लेखकांच्या ईमेलसाठी ‘एक्झाम्पल डॉट कॉम’ हे नाव वापरा. ते १९९९पासून उदाहरणांसाठीच राखून ठेवलेलं आहे, तिथे कुणाची खरी पेटी नसते. पोच नीट येते का हे बघायला तेवढे आपले स्वतःचे दोन-तीन पत्ते वापरा.

प्रत्येक खोट्या कथेच्या शीर्षकाची सुरुवात ‘चाचणी’ या शब्दाने करा आणि फॉर्म खुला करण्याआधी त्या शोधून काढून टाका. मी एकदा हा शब्द घालायचा विसरले होते. वर सांगितलेला कसोटीचा उतारा पहिल्या फेरीच्या परीक्षकांपर्यंत पोचला आणि शेरा घेऊन परत आला : “आचारी आणि आचार्य यांच्यातला संघर्ष आणखी फुलवता आला असता.”